व्याह्यांची पहिली भेट आणि मागे लागलेले गुंड: ॲक्शन-विनोदी पटकथा कशी लिहावी

होणाऱ्या सासरच्या माणसांची पहिली भेट हा विषय घेऊन ॲक्शन-विनोदी चित्रपट लिहायला बसलेला लेखक बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडकतो. पहिली तीस पाने चहा, पोहे आणि ओळखीपाळखीच्या विनोदात छान जातात, मग कुठून तरी गुंड येतात, पाठलाग सुरू होतो आणि लग्नाची गोष्ट मागे पडते. शेवटी सगळ्यांना पुन्हा मांडवात आणावे लागते तेव्हा केलेली जुळवाजुळव प्रेक्षकाच्या लगेच लक्षात येते. असे होण्याचे कारण म्हणजे लेखकाने दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींना जोडलेल्या असतात. या प्रकारात विनोद आणि मारामारी यांना एकत्र बांधणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे सोयरिकीतला संकोच. समोरचा माणूस पूर्ण परका आहे, पण चार दिवसांनी तो आपला व्याही होणार आहे. त्याला नाही म्हणणे जड जाते, त्याच्याविषयी पोलिसांत जावे तर आपल्याच लेकराचे लग्न मोडते, आणि उठून निघून जावे तर चारचौघांत शोभा होते. एरवी कोणताही शहाणा माणूस ज्या क्षणी पळून गेला असता, त्या क्षणी आपला नायक केवळ भिडेखातर थांबतो. पटकथेतला प्रत्येक प्रसंग या थांबण्यातून निघाला पाहिजे, आणि पुढे जे सांगितले आहे ते सगळे या एका गोष्टीच्या आधाराने सांगितले आहे.

अभ्यासासाठी काय पाहावे

एकच चित्रपट निवडायचा असेल तर १९७९ साली अमेरिकेत प्रदर्शित झालेला ‘द इन-लॉज’ निवडावा. अँड्र्यू बर्गमन यांनी तो लिहिला आणि आर्थर हिलर यांनी दिग्दर्शित केला. ॲलन आर्किन यांनी न्यूयॉर्कमधल्या एका सरळमार्गी दंतवैद्याचे काम केले आहे. त्याच्या मुलीचे लग्न ठरले आहे आणि नवऱ्या मुलाचे वडील, म्हणजे पीटर फॉक, त्याला प्रथमच भेटायला येतात. हे गृहस्थ आपण सीआयएसाठी काम करतो असे पुढे सांगतात, पण त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा की हा माणूस भ्रमिष्ट आहे असे समजावे, हे दंतवैद्याला बराच काळ कळत नाही. अमेरिकी सरकारच्या नोटा छापण्याचे चोरीला गेलेले साचे, एका काल्पनिक लॅटिन अमेरिकी देशाचा हुकूमशहा, गोळीबार, विमानप्रवास आणि देहान्ताची शिक्षा, असा सगळा मोठा पसारा या चित्रपटात आहे. तरीही तो पाहताना एका क्षणालाही आपण लग्नाच्या गोष्टीपासून दूर गेलो असे वाटत नाही. हे कसे साधले आहे ते समजून घेण्यासाठी चित्रपट दोनदा पाहावा, आणि दुसऱ्यांदा पाहताना वही घेऊन बसावे. दंतवैद्य कोणकोणत्या ठिकाणी नकार देऊ शकला असता आणि त्या प्रत्येक ठिकाणी तो का देत नाही, एवढेच वहीत लिहावे. ती यादी पूर्ण झाली की पटकथेचा सांगाडा आपोआप समोर येतो.

याच कथेवर २००३ साली मायकल डग्लस आणि अल्बर्ट ब्रुक्स यांना घेऊन दुसरा चित्रपट निघाला, तोही तुलनेसाठी पाहण्यासारखा आहे. त्यात खर्च मोठा आहे, लग्नाच्या वेळी पाणबुडीसुद्धा येते. माझ्या मते तो पहिल्याइतका चढत नाही, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे मुलाचा बाप खरोखर गुप्तहेर आहे हे प्रेक्षकाला सुरुवातीलाच कळून चुकते. त्यामुळे व्याही खोटारडा आहे की खरा, वेडा आहे की धाडसी, हा जो संशय पहिल्या चित्रपटाला शेवटच्या टप्प्यापर्यंत खेचत नेतो, तो इथे उरतच नाही.

मराठी प्रेक्षकाला ही वाट अगदी अनोळखी नाही. होणाऱ्या सासऱ्यासमोर खोटा श्रीमंत बाप उभा करण्याची युक्ती महेश कोठारे यांनी १९८५ सालच्या ‘धुमधडाका’त वापरली, आणि अशोक सराफ यांनी केलेला तो खोटा बाप आजही लोकांच्या तोंडी आहे. तिथे धोका अब्रूचा होता. आपल्याला त्यात जिवाचा धोका घालायचा आहे आणि अब्रूचा धोका त्याहून मोठा ठेवायचा आहे.

दोन माणसे कशी निवडावीत

एक व्याही सावध आणि एक बेधडक, एवढे ठरवून भागत नाही. सावध माणसाजवळ असे काही असले पाहिजे की जे घाईने करताच येत नाही, आणि बेधडक माणसाला नेमके तेच घाईने करून हवे असले पाहिजे. ‘द इन-लॉज’मध्ये नायक दंतवैद्य आहे, म्हणजे शांत खोलीत, स्वच्छ हाताने, ठरलेल्या वेळेला काम करणारा माणूस, पुढे त्याच्यावर येणारा प्रत्येक प्रसंग या शिस्तीच्या विरुद्ध आहे. आपल्याकडचा व्यवसाय निवडताना हीच कसोटी लावावी. वकील, प्राध्यापक, बँकेतला अधिकारी ही सहज सुचणारी उत्तरे आहेत आणि ती पडद्यावर फारशी दिसत नाहीत, कारण त्यांच्या कामाला हात नसतात.

उदाहरणादाखल आपण या लेखापुरती एक गोष्ट रचू. मुलीचे वडील मिरजेतले सतारमेकर आहेत. मिरजेत सतारी आणि तंबोरे पिढ्यान्‌पिढ्या घडत आले आहेत, आणि त्यांना लागणारे मोठे भोपळे पंढरपूरच्या बाजूने येतात. भोपळा वाळवणे, त्याचे तोंड कापणे, त्यावर तबली म्हणजे लाकडी झाकण बसवणे, दांडी जोडणे, खुंट्या घालणे आणि शेवटी घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर, नाद खुलवणारी जवारी लावणे, यातले कोणतेही काम रेटून करता येत नाही. जवारी लावताना कारागीर घोडी किंचित घासतो, तार चढवतो, ऐकतो, पुन्हा तार उतरवतो आणि पुन्हा घासतो. मनासारखा नाद लागेपर्यंत हे चालूच राहते. अशा माणसाच्या घरी याद्यांसाठी मुलाकडची माणसे आली आहेत आणि मुलाच्या वडिलांनी येताना एक जुना तंबोरा बरोबर आणला आहे. ‘जरा वाजत नाही, आपण पाहाल का?’ एवढेच ते म्हणतात. त्या भोपळ्याच्या आत एका देवळातून चोरीला गेलेली वीतभर पंचधातूची मूर्ती आहे, तिच्या मागावर माणसे आहेत, आणि मुलाचे वडील मूर्तिचोरांच्या टोळीतले आहेत की त्या टोळीत शिरलेले सरकारी अधिकारी आहेत, हे आपल्याला इतक्यात सांगायचे नाही.

ही रचना का चालेल ते पाहावे. चोरीची वस्तू थेट सावध माणसाच्या हातात येते, आणि तीही पाहुण्याने केलेली विनंती म्हणून येते. नाही म्हणायला जागाच नाही. वस्तू बाहेर काढायची तर तबली उचकटावी लागेल, आणि घाईने उचकटली तर भोपळा तडकेल, जे कोणताही सतारमेकर होऊ देणार नाही. बाहेर मोटारसायकली येऊन थांबल्या आहेत आणि आत एक कारागीर पाहुण्याला समजावून सांगतो आहे की याला दोन दिवस लागतील. या एका प्रसंगात धोका, स्वभाव, व्यवसाय आणि भीड चारही एकत्र आले, आणि अजून एकही ठोसा पडलेला नाही.

पहिल्या भेटीचा प्रसंग

हा प्रसंग सगळ्यात लांब असावा. नवे लेखक तो पाच मिनिटांत उरकतात, कारण त्यांना पाठलागाची ओढ असते. पण पुढे येणाऱ्या प्रत्येक गमतीचे बी इथेच पेरलेले असते. ‘द इन-लॉज’मध्ये जेवणाच्या टेबलावर फॉक ग्वाटेमालाच्या जंगलात पाहिलेल्या गरुडाएवढ्या माश्यांची हकीकत सांगतो, त्या माश्या लहान मुलांना उचलून नेतात असे तो अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगतो. आर्किन ऐकतो. तो प्रतिवाद करीत नाही, हसतही नाही. घरी आलेल्या पाहुण्याला ‘तुम्ही खोटे बोलता’ असे म्हणायचे कसे, या पेचात त्याचा चेहरा हळूहळू बदलत जातो आणि सगळा विनोद त्या चेहऱ्यावर घडतो. थोड्या वेळाने तोच पाहुणा फोन करायचा म्हणून तळघरात जातो आणि चोरीचा साचा तिथे लपवून येतो. म्हणजे एकाच भेटीत विनोदाची आणि संकटाची, दोन्हींची पेरणी झाली.

आपल्या बैठकीत असे काय असू शकेल, याचा विचार करताना मराठी घरातल्या रीती बारकाईने आठवाव्यात. याद्या करायला बसलेली मंडळी कागदावर काय काय लिहितात, मांडव कोणी घालायचा, माणसे किती येणार, मानाच्या साड्या किती आणि कोणाकोणाला, कार्यालयाचा खर्च कोणी उचलायचा, हे सगळे ठरत असताना दोन्हीकडचे वडीलधारे ‘आमचे काहीच मागणे नाही’ असे म्हणत म्हणत एकेक मागणे पुढे ठेवतात. हा संवाद जसाच्या तसा लिहावा, त्याला वेगळा विनोद चिकटवू नये. फक्त मुलाच्या वडिलांच्या प्रत्येक वाक्यात एक खटकणारा तपशील घालावा. माणसे किती येणार, असे विचारल्यावर ते म्हणतात, ‘आमच्याकडून साठ. पण त्यातले आठ जेवणार नाहीत, ते गच्चीवर थांबतील.’ मुलीकडचे एकमेकांकडे पाहतात. गच्चीवर का, हे विचारायचे प्रत्येकाच्या मनात येते, आणि मुलीचा काका शेवटी विचारतो, ‘मग त्यांची ताटं वर पाठवायची का?’

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. चांगल्या यजमानाचे लक्ष धोक्याकडे जात नाही, पाहुण्याच्या जेवणाकडे जाते. प्रेक्षकाला धोका दिसतो आणि पात्रांना पंगत दिसते, आणि या दोन दृष्टींमधले अंतर जितका काळ टिकेल तितका काळ प्रसंग हसवत राहील.

प्रेक्षकाला किती सांगावे

इथे माझे मत ठाम आहे. प्रेक्षकाला सावध व्याह्यापेक्षा थोडे जास्त कळावे, पण बेधडक व्याह्यापेक्षा बरेच कमी. ‘द इन-लॉज’ सुरू होतो तो साचे नेणाऱ्या चिलखती गाडीवरच्या दरोड्याने, आणि त्या दरोड्यामागे फॉक आहे हेही आपल्याला लवकरच दाखवले जाते. त्यामुळे तो जेवायला येतो तेव्हा आपण आधीच सावरून बसलेले असतो. पण त्याने हे का केले, ते आपल्यालाही ठाऊक नसते. आपल्या गोष्टीत सुरुवातीला एक देऊळ, रात्र, कुलूप आणि कोणीतरी तंबोऱ्याच्या खोळीत काहीतरी ठेवतो आहे, इतके दाखवले तरी पुरे. चेहरा दिसू देऊ नये, पण हाताची एखादी लकब दिसू द्यावी. चहाची बशी उचलताना तीच लकब पुन्हा दिसली की प्रेक्षक पुढे सरकून बसतो.

पहिले छोटे काम

घरातून रस्त्यावर जाण्याची पायरी सगळ्यात अवघड असते. सतारमेकर आपणहून गुन्हेगारांच्या मागे का धावेल? तो धावणार नाही, आणि त्याला तसे धावायला लावणारे कारण शोधत बसू नये. त्याच्याकडे फक्त एक लहान, विनासायास वाटणारे काम मागावे. फॉक दुसऱ्या दिवशी दंतवैद्याच्या दवाखान्यात येतो आणि पाच मिनिटांसाठी बरोबर चला म्हणतो; काम काय, तर एका कार्यालयातल्या तिजोरीतून वस्तू आणून द्यायची. दवाखान्यात रोगी बसले आहेत, तरीही आर्किन जातो, कारण व्याह्याने पहिल्यांदाच काही मागितले आहे आणि मुलीचे लग्न तोंडावर आहे. त्या पाच मिनिटांत त्याच्यावर गोळ्या झाडल्या जातात.

आपल्याकडे हे काम याहूनही साधे असू शकेल. मुलाचे वडील सकाळी फोन करून म्हणतात की पत्रिका छापून आल्या आहेत, स्टेशनजवळच्या प्रेसमधून गठ्ठा घ्यायचा आहे, आपण बरोबर आलात तर बरे होईल. लग्नपत्रिकेचा गठ्ठा आणायला कोणता मुलीचा बाप नाही म्हणेल? काम जितके निरुपद्रवी तितके त्यातून निघणारे संकट खरे वाटते. आणि एकदा तो गेला की परतीचा रस्ता प्रत्येक वेळी लग्नानेच अडवावा: मुलीचा फोन येतो आणि ती आनंदाने सांगते की बाबा, तुमचे दोघांचे जमते आहे हे पाहून मला किती बरे वाटले. आता तो कसा परतेल?

मारामारीत भीड टिकवणे

पाठलाग सुरू झाल्यावर पात्रांनी सभ्यपणा सोडला की चित्रपट दुसऱ्याच जातीचा होतो. ‘द इन-लॉज’मधला सगळ्यात गाजलेला प्रसंग याच कारणाने इतक्या वर्षांनीही ताजा राहिला आहे. विमानतळावर दोघांवर गोळीबार होतो आणि फॉक ओरडून सांगतो की सरळ पळू नका, नागमोडी पळा. आर्किन तोवर सरळ पळत जाऊन मोटारीच्या आडोशाला सुखरूप पोचलेला असतो. सूचना ऐकल्यावर तो काय करतो? तो परत मागे जातो, जिथून निघाला होता तिथे पोचतो आणि गोळ्यांच्या वर्षावात पुन्हा एकदा, या वेळी सांगितल्याप्रमाणे नागमोडी, पळत येतो. या प्रसंगात नवा संवाद नाही, महागडा स्फोट नाही, आणि तरी प्रेक्षागृह कोसळते. मला त्यात जे दिसते ते असे की आर्किनचा माणूस आयुष्यभर सांगितलेले नीट ऐकत आला आहे आणि व्याह्याने सांगितलेले अर्धवट करणे त्याला जमत नाही. जिवापेक्षा शिस्त आणि भीड मोठी ठरते, तीही केवळ एका धावण्यातून. पटकथा लिहिणाऱ्याने हा तुकडा पुन्हा पुन्हा पाहावा आणि स्वतःच्या प्रत्येक मारामारीला विचारावे की इथे माझा नायक कोणती सवय सोडू शकत नाही.

त्याच चित्रपटात पुढे हुकूमशहा भेटतो. रिचर्ड लिबर्टिनी यांनी केलेले हे पात्र स्वतःच्या मुठीवर चेहरा रंगवून त्या हाताला बोलते करते, आणि पाहुण्यांना त्या हाताशीही अदबीने वागावे लागते. पाहुणे म्हणून गेल्यावर यजमानाच्या हौसेचे कौतुक करावे लागते, ही घरोघरची गोष्ट आहे. इथे फक्त यजमानाच्या हाती बंदुका आहेत.

मंगल कार्यालयातली मारामारी हा आपल्याकडचा खजिना आहे आणि तो बहुतेक वेळा वाया घालवला जातो, कारण लेखक ताटे उडवतात, खुर्च्या मोडतात आणि मोकळे होतात. त्याऐवजी एक नियम घालून घ्यावा: काहीही मोडता कामा नये. रुखवताच्या टेबलांमधल्या अरुंद वाटेत सतारमेकर आणि एक गुंड समोरासमोर आले आहेत. एका बाजूला साखरेचा बंगला, दुसऱ्या बाजूला सुपाऱ्यांचे वधूवर, पलीकडे आत्याने सहा महिने विणलेली तोरणे. दोघे एकमेकांची मनगटे धरून झटापट करीत आहेत, टेबलाला धक्का लागतो, सुपारीचा नवरदेव कलंडतो, आणि सतारमेकर एका हाताने गुंडाला धरून ठेवत दुसऱ्या हाताने नवरदेव सरळ करतो. तेवढ्यात आत्या येते. दोघेही हात सोडून नीट उभे राहतात. ‘पाहुणे, बघताय ना? सगळं घरी केलंय हो,’ ती गुंडाला म्हणते, आणि तिच्या तोंडून प्रत्येक वस्तूची हकीकत ऐकत दोघांना पुढे सरकावे लागते. ही मारामारी लिहायला कठीण आहे, पण चित्रित करायला स्वस्त आहे आणि ती मराठी कार्यालयाशिवाय कुठेही घडू शकत नाही.

संवादांतही हेच धोरण ठेवावे. संकटाच्या वेळी दोघे व्याही अहोजाहो सोडत नाहीत.

‘पाहुणे, खाली वाका.’

‘आधी आपण. आपण मुलाकडचे.’

‘अहो, तो नेम धरतोय.’

‘म्हणूनच म्हणतो, आधी आपण.’

असे संवाद थोडे आणि नेमक्या जागी असावेत. पानापानावर आले तर ती लकब होते आणि तिचा कंटाळा येतो.

ॲक्शन लिहिताना पानांचा हिशेबही सांभाळावा. दोन तासांच्या चित्रपटाला साधारण ११० ते १२० पाने आणि एका पानाला पडद्यावरचे एक मिनिट असा ढोबळ अंदाज धरतात, पण ‘बाजारातून पाठलाग होतो’ या एका ओळीची पडद्यावर चार मिनिटे होऊ शकतात. म्हणून पाठलागातली प्रत्येक गंमत वेगळ्या परिच्छेदात लिहावी: काय दिसते, कोण काय करते, त्याचा परिणाम काय. फाईट मास्टर पुढे त्यात बदल करील, आणि त्याने करावेच, कारण कोणती उडी सुरक्षित आहे हे त्याला कळते. मात्र त्या मारामारीतली विनोदाची कळ कोणती, हे कागदावर स्पष्ट असले की बदलानंतरही ती शाबूत राहते.

विहिणींना घरी बसवू नये

‘द इन-लॉज’वर माझा एक आक्षेप आहे. दोन्ही बायका गोष्टीच्या कडेला राहतात आणि मुलगा-मुलगी तर केवळ निमित्तापुरते उरतात. आज लिहिताना हे करू नये, आणि मराठी गोष्टीत तर ते खोटेच वाटेल, कारण लग्नाचा खरा कारभार विहिणींच्या हातात असतो. मुलीच्या आईजवळ याद्यांची वही आहे. कोणाला काय दिले, कोणाकडून काय आले, कोणता डबा कोणाचा, हे तिला तोंडपाठ आहे, त्यामुळे घरात आलेल्या वस्तूंपैकी एक वस्तू हिशेबाबाहेर आहे हे सर्वांत आधी तिच्या लक्षात येते. तंबोरा उचलताना तिला तो जड लागतो. चाळीस वर्षे त्या घरात तंबोरे उचलत असलेल्या बाईला वजन कळणारच. ती काही बोलत नाही, मात्र दुसऱ्या दिवशी विहिणीला साडी दाखवायला म्हणून बोलावते, आणि दोघींचा तो अर्ध्या तासाचा प्रसंग, ज्यात वरवर फक्त पैठणी आणि इरकल यांवर बोलणे चालते, चित्रपटातली खरी चौकशी ठरू शकतो. मुलाच्या आईला नवऱ्याचे खरे काम किती माहीत आहे, हेही लेखकाने स्वतःशी आधी ठरवून ठेवावे. मला विचाराल तर तिला सगळे माहीत असावे, आणि वीस वर्षे तिने ते कोणाला कळू दिलेले नसावे. म्हणजे साड्यांच्या त्या प्रसंगात दोन तितक्याच हुशार बायका समोरासमोर येतात.

मुहूर्त

अमेरिकी लेखकाला शेवटाकडे जाताना घड्याळ शोधावे लागते, टाइमबॉम्ब लावावा लागतो. आपल्याकडे मुहूर्त आहे. पत्रिकेवर १२ वाजून ३२ मिनिटे असे छापले की ती वेळ प्रेक्षकाच्या डोक्यात पक्की बसते, आणि मुलीचे वडील दोन तालुक्यांपलीकडे एका गोदामात अडकलेले आहेत एवढे कळले की बाकीचा ताण आपोआप तयार होतो. उशीर सोसण्याचीही सोय आपल्या रीतीतच आहे. अंतरपाट धरला गेला आहे, मंगलाष्टका सुरू झाल्या आहेत, आणि मावशी, आत्या, मुलाच्या शाळेतल्या बाई अशा प्रत्येकीने स्वतः रचून आणलेली एकेक मंगलाष्टका आहे. एरवी गुरुजी या मंडळींना हाताने आवरतात. आज मुलीची आई त्यांना एकेक करून पुढे ढकलते आहे. गोदामातली मारामारी आणि मांडवातल्या मंगलाष्टका आलटून पालटून दाखवाव्यात, दोन्हींची लय एकमेकींत मिसळू द्यावी, आणि अक्षता पडण्याच्या ओळीला वडील दारात पोचावेत. त्यांच्या अंगावर धूळ आहे, पण खांद्यावरचे उपरणे त्यांनी आत येण्यापूर्वी नीट केलेले आहे.

कानपिळीचा मानही विसरू नये. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा, हा विधी आधीच आहे. गुंडांपैकी एखादा पाहुण्यांत मिसळून नवरदेवाच्या मागे उभा असेल तर भावाने चुकीचा कान धरायला काहीच हरकत नाही.

कागदोपत्री आणि खर्चाची तयारी

या प्रकारच्या चित्रपटाला आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे घर एकत्र येते, त्यामुळे हिंसेची पातळी लिहितानाच ठरवावी. सेन्सॉर प्रमाणपत्राच्या यूए वर्गात, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायच्या चित्रपटांच्या वर्गात, २०२३ साली कायद्यात झालेल्या सुधारणेनंतर ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन वयोगट झाले आहेत. रक्त आणि वेदना कमी दाखवल्या तर कथेचे काहीही नुकसान न होता खालचा वयोगट मिळण्याची शक्यता वाढते. प्राणी वापरायचे असतील तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, म्हणून वरातीतल्या घोड्यावरचा पाठलाग लिहिण्यापूर्वी निर्मात्याशी बोलून घ्यावे. गर्दीच्या बाजारात चित्रीकरण करण्यापेक्षा कार्यालय, गोदाम, कारागिराचे दुकान अशा बंद जागा निवडल्या तर खर्च आटोक्यात राहतो आणि भीड-संकोचाला लागणारी दाटीही आपोआप मिळते.

पटकथा पूर्ण झाल्यावर निर्मात्याला देण्याआधी ती मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवावी. ही नोंदणी ऑनलाइन करता येते. त्याआधी एक वाचन अवश्य करावे, आणि ते सिनेमातल्या मित्रांपुढे नव्हे. मुलामुलींची लग्ने केलेल्या तीन-चार जोडप्यांना एकत्र बसवून बैठकीचा प्रसंग आणि रुखवताचा प्रसंग मोठ्याने वाचावा. मानपानाच्या तपशिलात चूक असेल तर ती माणसे मध्येच थांबवतील, ‘असं नसतं, आमच्याकडे साडी आधी देतात’ असे सांगतील आणि त्यावरून एकमेकांशी वाद घालू लागतील. तो वाद थांबवू नये. वहीत टिपून घ्यावा, कारण पुढच्या खर्ड्यातले निम्मे संवाद त्यातच सापडतात.